पेशगीचा हिशेब

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात जुनं घर पाडायला घेतलं की गल्लीची निम्मी रुंदी विटांना जाते. एका बाजूला काढलेल्या खपऱ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नव्या लाल विटांची रास, आणि मधून स्कूटर कशीबशी काढणारे, मालकाच्या नावाने पुटपुटणारे शेजारी. वीट हातात घेऊन पाहिली तर तिच्या पोटातल्या खोलगट जागेत भट्टीवाल्याची दोन-तीन अक्षरं उमटलेली दिसतात. वीट कुणाच्या मालकीच्या भट्टीतली, हे भिंतीत चिणली जाईपर्यंत कळतं. ती थापली कुणी, हे कुठेच लिहिलेलं नसतं. फार तर एखाद्या विटेवर, ती ओली असताना उठलेला, लहान मुलाच्या पावलाचा ठसा सापडतो.

ब्राह्मणपारा हा शहराचा जुना, शिकलासवरलेला भाग. शेजारी तात्यापारा, थोडं पुढे बूढापारा. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या बाजूला मराठी घरं आहेत. माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे या दोन मराठी माणसांची नावं शहरातल्या शाळांना आणि वस्त्यांना लागलेली आहेत. अशा मोहल्ल्यात ‘मानवी तस्करी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं? सिनेमातला खलनायक, बंद गाडी, सीमेपलीकडे नेलेली मुलगी. गुलामी म्हटलं की अमेरिकेतले कापसाचे मळे. दोन्ही गोष्टी लांबच्या असल्यामुळे सोयीच्याही.

प्रत्यक्षात ती रोज रायपूर स्टेशनवर दिसते. दसऱ्यापासून धानाची कापणी उरकेपर्यंत जांजगीर-चांपा, बलौदाबाजार, महासमुंद, बिलासपूर या जिल्ह्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेली असतात. तांदळाचं पोतं, अल्युमिनियमची गंजं, गोधडी, कडेवर एक आणि बोटाला एक मूल. कुठे निघालात, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘कमाए-खाए बर जावत हन.’ कमवायला-खायला चाललो आहोत. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, थेट जम्मू-काश्मीरपर्यंतच्या वीटभट्ट्यांवर ही माणसं जातात. तिकिटं त्यांच्या हातात नसतात. थोडा बाजूला, फोनवर बोलत उभा असलेला ठेकेदार असतो, त्याच्या खिशात असतात.

या सगळ्या माणसांना गुलाम म्हणणं खोटं ठरेल आणि त्यांचा अपमानही होईल. अनेकजण दर वर्षी जातात, बरा-वाईट पैसा गाठीला बांधून पावसाआधी परततात, त्यातून घरावर पत्रे चढतात, मुलीचं लग्न होतं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. जाताना दोन्ही गट एकाच फलाटावर, एकाच डब्यात बसतात. कोण कोणत्या गटात होतं, हे जूनमध्ये हिशेबाच्या वेळी कळतं.

त्याचं मूळ पेशगीत आहे. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर तिला उचल म्हणतो, पश्चिम ओडिशात ती दादन, छत्तीसगडमध्ये पेशगी किंवा नुसतंच ‘ॲडव्हान्स’. भादव्यात घरात दाणा नसतो, कुणाचं आजारपण निघतं, जुनं देणं दारात उभं राहतं. नेमक्या त्या दिवसांत ठेकेदार गावात येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. बहुतेकदा तो त्याच गावचा, ओळखीचा, नात्यातलाही असतो. पैसे घेतले की कुटुंब बांधलं गेलं. कागद होत नाही, झालाच तर अंगठा असतो.

भट्टीवरचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. आदल्या संध्याकाळी भिजवलेली माती नवरा पायांनी तुडवतो. बायको गोळा उचलून साच्यात आपटते, वरची माती हाताने निरपते, साचा उलटा करते. साच्याला माती चिकटू नये म्हणून दर वेळी रेती लावायची. उकिडवं बसून, रांगेनं मागे मागे सरकत हे काम चालतं. मुलांचं काम अर्धवट सुकलेल्या विटा कडेवर उभ्या करणं. त्यांचं वजन कमी, म्हणून ओल्या रांगांमधून तीच चालू शकतात. तो पावलाचा ठसा इथला. मजुरी हजार विटांमागे ठरते, दिवसाला नाही. त्यामुळे किती तास काम केलं हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि वहीत नाव एकट्या पुरुषाचं लागतं. बायको आणि मुलं कागदावर भट्टीवर नसतातच. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या तर त्या मोजल्या जात नाहीत. आठवड्याला मिळते ती ‘खर्ची’, म्हणजे तेल-मीठ-भाजीपुरते पैसे, आणि तीही वहीत देण्याच्या बाजूला चढते. वही मुन्शीच्या, म्हणजे भट्टीवरच्या कारकुनाच्या, ताब्यात. हंगाम संपताना पेशगी, खर्ची, औषधपाणी, येण्याचं भाडं वजा होतं आणि चांगल्या मालकाकडे काही हजार हातात पडतात. वाईट मालकाकडे उलट देणंच निघतं. मग पुढच्या हंगामाला यायचं, किंवा थांबून फेडायचं, किंवा रात्री पळायचं.

पळाल्यावर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या पश्चिम ओडिशातलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये पेशगी घेतलेल्या मजुरांच्या टोळीतले बाकीचे निसटले. जे दोघे ठेकेदारांच्या हाती राहिले, त्यांचे उजवे हात मनगटापासून तोडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने बातमीची स्वतःहून दखल घेतली. ही घटना टोकाची होती खरी. पण ज्या धाकावर ही व्यवस्था चालते तो रोजचा आहे. त्याला हात तोडावे लागत नाहीत. मोबाइल काढून घेणं, आधार कार्ड ‘सांभाळून ठेवणं’, नवऱ्याला बाजारात पाठवताना बायको-मुलांना भट्टीवर थांबवून घेणं एवढं पुरतं.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींवर एकाच वाक्यात बंदी घातली आहे. आणीबाणीच्या काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. साखळदंडांचा त्यात उल्लेखही नाही. आगाऊ रक्कम घेतली, आणि तिच्यापोटी दुसरीकडे काम करण्याचं, हिंडण्याफिरण्याचं किंवा बाजारभावाने मजुरी घेण्याचं स्वातंत्र्य गेलं, की ती वेठबिगारी. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी एक पाऊल पुढे टाकलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला भुकेने भाग पाडलं असेल तर तीही सक्तीची मजुरी. हा निकष प्रामाणिकपणे लावायचा ठरवला तर ब्राह्मणपाऱ्यातल्या, किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, किती घरांच्या भिंती निर्दोष ठरतील, हे सांगणं अवघड आहे.

याच काळातली एक गोष्ट छत्तीसगडची आहे, आणि छत्तीसगडमध्येच ती फारशी सांगितली जात नाही.

वेप्पा श्यामराव नावाचा आंध्रातला मुलगा आजोळी, छत्तीसगडच्या सक्ती संस्थानात वाढला. आजोबा तिथले दिवाण. हाच मुलगा पुढे स्वामी अग्निवेश झाला आणि १९८१ मध्ये त्यांनी बंधुआ मुक्ती मोर्चा काढला. दिल्लीला खेटून असलेल्या फरीदाबादच्या दगडखाणींत काम करणाऱ्या मजुरांसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. हरियाणा सरकारचा बचाव असा होता की ही माणसं सक्तीने राबवली जात असतील, पण त्यांनी पेशगी घेतल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून ती वेठबिगार नव्हेत. न्यायालयाने हे उलटवलं. सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे कर्ज आहे असंच गृहीत धरायचं, नसेल तर ते मालकाने दाखवावं. मुन्शीच्या ताब्यातल्या वहीची नक्कल मजुराने आणायची कुठून, हे न्यायालयाला कळलं होतं.

त्या खाणींतून सुटलेल्यांपैकी १३५ मजूर तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आताच्या छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्याचे होते. १९८२ च्या मार्चच्या सुमारास त्यांना गावी आणलं गेलं. पुनर्वसनाचं आश्वासन खुद्द मुख्यमंत्र्यांचं होतं. सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ‘द स्टेट्समन’च्या पत्रकार नीरजा चौधरी मुंगेली तालुक्यातल्या तीन गावांत गेल्या. जमीन नाही, बैल नाही, काम नाही. माणसं उपासमारीच्या काठावर. त्यांनीही न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ च्या निकालात न्या. भगवतींनी सांगितलं ते असं की सुटका करून माणसाला दारिद्र्यात सोडून दिलं तर तो पुन्हा बांधला जाणार, आणि पुनर्वसन न करता केलेली सुटका घटनेला मान्य नाही. राज्य सरकारने तिथे मांडलेला युक्तिवादही लक्षात ठेवण्यासारखा होता: ही माणसं वेठबिगार होती हेच मुळात ठरलेलं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत भांडण एका शब्दाचं आहे. भट्टीवर छापा पडतो, माणसं सोडवली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. अधिकाऱ्याने त्यांना ‘मुक्ती प्रमाणपत्र’ दिलं तर ते वेठबिगार ठरतात आणि सरकारी मदतीचा दरवाजा उघडतो. त्याने ‘मजुरीचा वाद’ असं लिहिलं तर ते नुसते गाडीत बसवून घरी पाठवलेले मजूर. दुसरा शब्द लिहिणं सोपं असतं. ‘वेठबिगार’ लिहिलं की आपल्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे हे कबूल होतं, खटला चालवावा लागतो, वर उत्तर द्यावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत. तातडीची मदत लगेच मिळू शकते, पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे. खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात. तोवर दोन-तीन भादवे येऊन जातात आणि ठेकेदार पुन्हा दारात असतो. त्याच वर्षी सरकारने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची सुटका व पुनर्वसन करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. १९७८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत चार दशकांहून अधिक काळात सुटलेल्यांचा आकडा तीन लाखांच्या आसपास आहे. हे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल.

दर वर्षी ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन येतो. स्टेशनांवर, बसस्थानकांत फलक लागतात, पथनाट्यं होतात. फलकांवरचा मजकूर बहुतेक एकच: अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, आमिषाला बळी पडू नका. म्हणजे जागं करायचं कुणाला, तर ज्याच्या घरात दाणा नाही त्याला. त्याला काय माहीत नाही? ठेकेदार अनोळखी नसतो, हे त्याला माहीत आहे. गेल्या साली शेजारचं कुटुंब रिकाम्या हाती परतलं, हे त्याने पाहिलेलं आहे. त्याच्यापाशी माहिती आहे, दुसरा पर्याय नाही. माहितीचा दुष्काळ आहे तो वीट विकत घेणाऱ्याकडे, घरकामाला मुलगी ‘ठेवणाऱ्या’कडे, आणि पंचनाम्यावर शब्द लिहिणाऱ्याकडे. फलक त्यांच्या दारात लावायला हवेत.

घरकामाची मुलगी हा छत्तीसगडचा दुसरा दुखरा धागा. उत्तरेकडच्या जशपूर, सरगुजा, रायगड (कोकणातलं नव्हे, इथलं) या आदिवासी पट्ट्यातून मुली दिल्लीला नेल्या जातात. नेणारी कुणाची मावशी, कुणाची मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी स्वतःच अशी गेलेली. दिल्लीत ‘प्लेसमेंट एजन्सी’ नावाचं एक खोलीचं ऑफिस असतं. घरमालकीण एजन्सीला कमिशन देते, पगारही बऱ्याचदा एजन्सीच्या हाती देते आणि मुलीने पैसे मागितले की सांगते, तुझे पैसे तर दिले. मालकिणीला आपण काही वाईट केलं असं वाटत नाही, कारण तिने खरोखरच पैसे मोजलेले असतात. छत्तीसगडने २०१३ मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. परवाना सक्तीचा, १८ वर्षांखालच्या मुलीला कामाला पाठवायला बंदी, नोंदी ठेवणं बंधनकारक. पण मुली जातात त्या दिल्लीला, आणि रायपूरच्या विधानसभेचा कायदा दिल्लीच्या खोलीपर्यंत पोचत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहार आणि छत्तीसगड या दोन राज्यांना समोर उभं करून खडसावलं. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवा, असं न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलेलं होतं.

महाराष्ट्राने नाक वर करायचं कारण नाही. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री उघड चाले, तिच्या नोंदी दप्तरांत आहेत. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराचं कर्ज घेतलेला वारली तरुण नव्या नवरीसह त्याचा ‘लग्नगडी’ होई, आणि ते कर्ज मरेपर्यंत फिटत नसे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या मागे वारली उभे राहिले तेव्हा वेठ आणि लग्नगडी या दोन गोष्टी मोडल्या. निदान तसं वाटलं. १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना त्याच जिल्ह्यात वेठबिगारांसाठी श्रमजीवी संघटना काढावी लागली. आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातली एक दहा वर्षांची कातकरी मुलगी दगावली, तेव्हा उघड झालं की नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे कातकऱ्यांची मुलं राबायला ठेवली जातात. बदल्यात आई-बापांना थोडे पैसे आणि कधी एक मेंढी. मुंबईहून इगतपुरी शनिवार-रविवारच्या सहलीइतकी जवळ आहे.

‘ती माणसं स्वखुशीने जातात, पेशगी मिळाली नाही तर उपाशी मरतील,’ हा युक्तिवाद रायपुरात, नागपुरात, बीडमध्ये सारख्याच आत्मविश्वासाने केला जातो. दुसरा अर्धा भाग खरा आहे. आगाऊ पैसे देणं गुन्हा नाही, आणि उद्या सगळ्या पेशग्या बंद केल्या तर पहिली झळ गरिबालाच बसेल. पण स्वखुशीचा मुद्दा कायद्याने कधीच निकालात काढला आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात, आधीच्या ३७० व्या कलमासारखंच, स्पष्ट म्हटलं आहे की फसवून, धाक दाखवून किंवा सत्तेचा गैरवापर करून नेलेल्या माणसाची संमती बिनमहत्त्वाची. शिवाय खुशी जाताना असते. अडवलं जातं ते निघताना.

हा युक्तिवाद नवा नाही, हेही रायपुरातल्या मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. मॉरिशस, फिजी, नाताळला करारावर नेलेल्या मजुरांबद्दल इंग्रज मळेवाले हेच म्हणत: करारावर त्यांचाच अंगठा आहे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं लोकांनी गिरमिट केलं आणि माणसं गिरमिटिया झाली. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, आणि आकडेवारीने मळेवाल्यांची खुशी सोलून दाखवली. ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. पाच वर्षांनी भरती थांबवावीच लागली. छत्तीसगडची माणसं समुद्रापलीकडे कमी, आसामच्या चहामळ्यांत जास्त गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ‘अरकाटी’ म्हणजे भरतीचे दलाल गावोगाव फिरत होते. १८५९ च्या एका कायद्याने करार मोडून काम सोडणं हाच फौजदारी गुन्हा ठरवलेला होता, आणि तो कायदा १९२५ पर्यंत टिकला. त्या लोंढ्यात गेलेल्या एका कुटुंबातली मुलगी आसामात जन्मली आणि पुढे छत्तीसगडची पहिली महिला खासदार झाली: मिनीमाता. तिच्या नावाने आज इथे पुरस्कार आहेत. ती आसामात का जन्मली, हे भाषणांत क्वचितच येतं.

डिसेंबर १९२० मध्ये गांधीजी रायपुरात आले. ब्राह्मणपाऱ्यातल्या आनंद समाज वाचनालयात त्यांची बायकांसमोर सभा झाली आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, अशी या मोहल्ल्याची अभिमानाची आठवण आहे. शंभर वर्षांनी, मे २०२० मध्ये, शहराच्या पश्चिम टोकाला टाटीबंध चौकात महाराष्ट्रातून, तेलंगणातून पायी आणि ट्रकांवर परतणारे हजारो मजूर थांबले. रायपूरकरांनी पोळी-भाजीची पाकिटं, चपला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. शहर देतं, यात शंका नाही. पण त्या हजारोंपैकी किती जणांचा हिशेब मागे अडकला होता, हे चौकात कुणी लिहून घेतलं नाही. ते पाकिटाइतकंच गरजेचं होतं.

आणि छत्तीसगड केवळ माणसं पाठवतं असंही नाही, इथेही आणली जातात. जुलै २०२५ मध्ये रायपूर जिल्ह्यातल्याच खरोरा भागातल्या एका मशरूमच्या कारखान्यातून ९७ मजुरांना बाहेर काढण्यात आलं, त्यात बाया होत्या, मुलं होती. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, झारखंड अशा राज्यांतून त्यांना आणलेलं. काहीजण रात्री निसटून रायपूरला पोचले आणि बोलले, म्हणून बाहेर कळलं. ब्राह्मणपाऱ्यातून खरोऱ्याला मोटारीने तासाभरात जाता येतं. लग्नाच्या पंगतीत बटन मशरूमची भाजी आता सर्रास असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२२ चा अंदाज जगभरात पाच कोटी माणसं आधुनिक गुलामीत असल्याचा आहे, त्यातली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत. एवढे मोठे आकडे वाचून माणूस पान उलटतो, म्हणून त्यांच्या नादी फार लागू नये. त्यापेक्षा गल्लीतल्या विटांपाशी परत यावं. घर बांधणारा मालक ठेकेदाराला सिमेंट कोणत्या कंपनीचं, सळई किती जाडीची, हे चार वेळा विचारतो. विटा कोणत्या भट्टीच्या, तिथे मजुरांना हजारी काय मिळते, बायकोचं नाव वहीत आहे का, हेही त्याच दमात विचारता येतं. ठेकेदार हसेल. दहा मालकांनी विचारलं तर हसणार नाही. घरात कामाला मुलगी असेल तर तिचं वय कागदावर बघावं, पगार तिच्याच खात्यात टाकावा, फोन तिच्याकडेच राहू द्यावा. शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी महिनोन्‌महिने दाराबाहेर दिसली नसेल तर १०९८ किंवा ११२ वर फोन करावा. नाव सांगावं लागत नाही.

आणि एक काम वाचनालयात पेपर वाचायला जमणाऱ्या निवृत्त मंडळींच्या हातचं आहे, अर्ज लिहिण्यात त्यांचा हातखंडा असतो. १९७६ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात वेठबिगारीवर दक्षता समिती असायला हवी. छत्तीसगडमध्ये ग्रामपंचायतींनी बाहेर जाणाऱ्यांची ‘पलायन पंजी’, म्हणजे नोंदवही, ठेवायची असते. समिती गेल्या वर्षी किती वेळा बसली, किती मुक्ती प्रमाणपत्रं दिली, पंजीत किती नावं आहेत आणि त्यातली किती परत आली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात लिहून विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.